बीपी नॉर्मल, मग बीपीची गोळी कशाला?

प्रश्न: बाबांना लिव्हर सिरॉसिस आहे. बीपीचा त्रास कधीच नव्हता, तरी डॉक्टरांनी कार्व्हेडिलॉल चालू केलीय, ती तर बीपीची गोळी ना? त्यात मी वाचलं की ह्या गोळ्यांनी लिव्हरकडे जाणारं रक्त कमी होतं. आईने घाबरून दोन दिवस गोळी दिलीच नाही. बरोबर केलं का?

उत्तर: नाही, आणि आजच डॉक्टरांना फोन करून दोन दिवस चुकल्याचं सांगा, ही गोळी अशी मधेच बंद करायची नसते. तुम्ही वाचलंत ते खोटं नाहीये पण अर्धंच आहे. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं, एक धमनी आणि दुसरी पोर्टल व्हेन, जी आतड्यांकडून आणि प्लीहेकडून रक्त आणते. मिनिटाला साधारण दीड लिटर येतं आणि त्यातला साधारण पाऊण हिस्सा पोर्टलचा. आता सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक झालेलं असतं, रक्त आत शिरायला जागा नाही, मग ते मागे तुंबतं आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगतात, त्या फुटल्या की जिवावर बेततं.

म्हणजे दंडाला पट्टा बांधून मोजतो ते बीपी वेगळं आणि हे पोर्टलचं प्रेशर वेगळं, एक नॉर्मल असून दुसरं चढलेलं असू शकतं. पोर्टलचं प्रेशर (म्हणजे लिव्हरच्या आधीच्या आणि नंतरच्या शिरांमधल्या दाबाचा फरक, बीपीच्याच मापात) 5 पर्यंत ठीक, 10 च्या पुढे शिरा फुगायला लागतात, 12 च्या पुढे फुटायची भीती. कार्व्हेडिलॉल हृदयाचा वेग कमी करते, आतड्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जरा आवळते, शिवाय लिव्हरच्या आतला अडथळाही थोडा सैल करते. त्यामुळे पोर्टलमध्ये रक्त कमी येतं, आणि डॉक्टरांना तेच तर हवंय! पोर्टलचं रक्त घटलं की धमनी आपणहून रुंद होऊन थोडीफार भरपाईही करते.

सगळ्या बीपीच्या गोळ्या हे करत नाहीत हं. प्रोप्रॅनोलॉल करते, अ‍ॅम्लोडिपिन नाही, त्यामुळे घरात कुणाची पडलीय म्हणून ती देऊ नका. आणि पोटात पाणी झालं असेल तर रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या बहुतेक वेळा टाळतात, किडनीवर ताण येतो.

डोस छोटाच असतो, बहुधा 6.25 मिलिग्रॅमपासून सुरू, कारण ह्या गोळीतलं औषध लिव्हरमध्येच मोडून संपतं आणि आजारी लिव्हरला ते नीट जमत नाही, मग रक्तात ते जास्त साठतं. जेवणासोबत द्या. सकाळी बाबांना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसू द्या, मगच उभं राहू द्या, नाहीतर चक्कर येते. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. वरचं बीपी 90 च्या खाली जायला लागलं किंवा लघवी कमी झाली तर लगेच कळवा, डोस बदलतील. आणि डांबरासारखी काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर फोनाफोनी करत बसू नका, थेट इमर्जन्सीला न्या.