पहिल्यांदा रतनगडाला निघताना

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीत मुक्काम करा आणि सकाळी सहाला चालू पडा. अमृतेश्वराच्या देवळापासून चढाईला साधारण तीन तास लागतात. सुरुवातीला वाट प्रवरेच्या पात्राशी लगट करत जाते, ओढे ओलांडावे लागतात. पावसाळ्यात इथेच फसगत होते: सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी वर सर पडली की परतताना मांडीला लागतं. पाणी गढूळ होऊन काटक्या वाहून यायला लागल्या तर उतरू नका, थांबा. पाऊस थांबला की ओढा ओसरतो.

पुढे जंगलात फाटा आहे. एक वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते, नवखे नेमके तिकडेच भरकटतात. रतनगडाची वाट उजवीकडची.

लोखंडी शिड्यांवर तोंड कातळाकडे, दोन हात-दोन पायांपैकी तीन कायम टेकलेले, एका वेळी एकच माणूस. उतरतानाही तसंच, पाठमोरं. काठी आधी सॅकला बांधा (हातात काठी घेऊन शिडी चढणारे दर रविवारी दिसतात!). माणशी तीन लिटर पाणी घ्या. नेढ्यात (माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात) वारा भन्नाट असतो, टोपी काढून ठेवा.