सत्तरीनंतर वजनाचे व्यायाम: संशोधनातून काय दिसते

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. एकाहत्तर वर्षांच्या आई रोज सकाळी पाऊण तास चालतात, रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे, गुडघ्यांची झीज सुरू झाली आहे आणि अलीकडे जमिनीवरून उठताना व जिना चढताना त्यांना हाताचा आधार घ्यावा लागतो. फिजिओथेरपिस्टने वजनाचे व्यायाम सुचवले आहेत. घरातील मोठ्यांना मात्र या वयात वजने उचलणे धोक्याचे वाटते आणि चालणे पुरेसे वाटते.

माझे मत फिजिओथेरपिस्टच्या बाजूचे आहे. आईंनी चालणे मुळीच सोडू नये, हृदयासाठी आणि रक्तदाबासाठी ते मोलाचे आहे. परंतु सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंना आपल्या क्षमतेचा लहानसा भागच वापरावा लागतो आणि सवयीच्या भाराने स्नायूंची ताकद फारशी वाढत नाही. जमिनीवरून उठण्यासाठी त्याच स्नायूंना कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. रोज नेमाने चालणाऱ्या व्यक्तीलाही उठताना आधार लागतो, त्याचे कारण बहुतेक वेळा इथे असते.

भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची पद्धत वैद्यकात रुजवण्याचे मोठे श्रेय अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांना जाते. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांचे दुबळे पाय पूर्ववत करण्यासाठी त्यांनी जड वजनांचे व्यायाम वापरले आणि १९४५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. मात्र ते सैनिक तरुण होते. वृद्धांच्या स्नायूंना असा भार सोसेल का, आणि सोसला तरी ते प्रतिसाद देतील का, याविषयी पुढे अनेक वर्षे शंका राहिली.

ही शंका दूर करण्यात वृद्धरोगतज्ज्ञ मारिया फियाटारोन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन येथील वृद्धांच्या निवासी केंद्रात केलेल्या अभ्यासाचा वाटा फार मोठा आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम देण्यात आला. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एका वेळी जास्तीत जास्त जेवढे वजन उचलता येत होते त्याच्या निम्मे वजन दिले गेले आणि पुढे ते ८० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आले. नऊ जणांनी कार्यक्रम पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी आणि मांडीच्या स्नायूंची जाडी (आडव्या छेदाचे क्षेत्रफळ) ९ टक्क्यांनी वाढली, तर दोघांना चालताना काठीची गरज उरली नाही. १७४ टक्के हा आकडा मूळची ताकद अतिशय कमी असल्यामुळे एवढा मोठा दिसतो, हे लक्षात घ्यावे. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्यांच्या कमाल ताकदीत ३२ टक्के घट झाली, आणि मला हा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा वाटतो.

या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ती उणीव त्याच संशोधकांनी १९९४ मध्ये भरून काढली. या वेळी सरासरी ८७ वर्षे वयाच्या शंभर रहिवाशांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागणी केली होती. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची जेमतेम ३ टक्क्यांनी. जिना चढण्याची शक्ती सुमारे २८ टक्क्यांनी आणि चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. काहींना केवळ पोषक पेय दिले होते. व्यायामाशिवाय घेतलेल्या त्या पेयाने अशक्तपणा कमी झाला नाही. डबाबंद पावडरींवर मोठा खर्च करणाऱ्या कुटुंबांनी हा भाग आवर्जून लक्षात ठेवावा. ताकद दुपटीहून अधिक वाढूनही चालण्याचा वेग बाराच टक्क्यांनी वाढला, म्हणून जी हालचाल सुधारायची आहे तिचाही सराव व्यायामात हवा. आईंच्या बाबतीत ती हालचाल म्हणजे उठणे आणि पायरी चढणे.

दोन्ही अभ्यासांत वजन त्या त्या व्यक्तीच्या मानाने जड होते, आणि प्रत्यक्षात नेमके हेच विसरले जाते. ज्येष्ठांना अर्ध्या किलोची वजनपट्टी दिली जाते आणि सहा महिन्यांनीही तीच पट्टी पायाला असते. मग 'व्यायामाने फरक पडला नाही' असा निष्कर्ष निघतो. घरी वजन ठरवण्यासाठी सोपी कसोटी आहे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पद्धत अंगवळणी पडेपर्यंत हलके वजन घ्यावे. त्यानंतर, आठ ते दहा वेळा नीट उचलता येते पण त्यापुढे एक-दोन वेळाच जमेल, असे वजन निवडावे. बारा वेळा सहज जमू लागले की थोडे वाढवावे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे हासुद्धा वजनाचाच व्यायाम आहे, कारण तिथे शरीराचा भार उचलावा लागतो. आधी उशी ठेवून बैठक उंच करावी, मग उशी काढावी आणि पुढे हातात डंबेल किंवा पाण्याने भरलेल्या बाटल्या घ्याव्यात. आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि मध्ये एक दिवस विश्रांती एवढे पुरते. पहिल्या महिन्यात मांडीचा घेर वाढलेला दिसला नाही तरी निराश होऊ नये. मोरितानी आणि डी व्ह्राइस या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवले की सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावते म्हणून वाढते आणि स्नायू जाड होणे त्यानंतर येते.

आता गुडघ्यांविषयी. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत गुडघ्यांची झीज असलेल्या, साठीच्या पुढच्या ४३९ व्यक्तींना दीड वर्ष चालण्याचा व्यायाम, वजनाचा व्यायाम किंवा केवळ आरोग्यशिक्षण देण्यात आले. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांच्या वेदना शिक्षणगटापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी राहिल्या, आणि एक्स-रेमध्ये गटागटांत फरक दिसला नाही. म्हणजे लाभ माफक, पण झीज वाढल्याचे चिन्ह नाही. उलट, २०२१ मधील ३७७ जणांच्या चाचणीत जड वजनांचा व्यायाम केलेल्यांच्या गुडघेदुखीत, दीड वर्षानंतर, हलक्या वजनाच्या किंवा बिनव्यायामाच्या गटाच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे 'वजनांनी गुडघेदुखी जाईल' असे आश्वासन आईंना देऊ नका. त्यांनी हा व्यायाम ताकदीसाठी करायचा आहे. करताना सौम्य दुखणे चालेल. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले किंवा सूज आली तर वजन आणि वाकण्याचा कोन कमी करावा.

रक्तदाबाबाबत मात्र काळजी हवीच. १९८५ मधील एका अभ्यासात शरीरसौष्ठवपटूंच्या रोहिणीत नळी घालून मोजमाप केले, तेव्हा दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना दाब सरासरी ३२०/२५० पर्यंत पोहोचला. ते अगदी टोकाचे श्रम होते आणि श्वास रोखल्याने अशी उसळी आणखी वाढते. म्हणून आईंनी वजन उचलताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा आणि शेवटच्या, अगदी न जमणाऱ्या आवर्तनापर्यंत जाऊ नये. रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल, तर डॉक्टरांच्या संमतीशिवाय सुरुवात करू नये.

आहाराबाबत थोडक्यात सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. ज्येष्ठांच्या आहारावरील तज्ज्ञगटांचा कल १ ते १.२ ग्रॅमकडे आहे. वरण-भात आणि पोळी-भाजीच्या जेवणात वरण बहुधा पातळ असते, म्हणून घट्ट डाळ, उसळ, दही, पनीर आणि चालत असल्यास अंडी यांचे प्रमाण प्रत्येक जेवणात वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे आधी विचारून घ्यावे.

सुरू करण्यापूर्वी एक मोजमाप अवश्य घ्या. नेहमीच्या उंचीची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हात छातीवर घेऊन पाच वेळा उठायला-बसायला आईंना किती सेकंद लागतात ते पाहा. जवळ कुणीतरी उभे असावे. वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या ऱ्हासावरील आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास पायांची क्षमता कमी मानतात. हा आकडा, सध्याचे वजन आणि फिजिओथेरपिस्टने सांगितलेले नेमके व्यायाम इथे लिहिलेत, तर पहिल्या तीन महिन्यांत वजन कसे वाढवत न्यायचे ते मी सविस्तर सांगू शकेन.