गेट आज उघडलं, पाणी परवा का?

प्रश्न: राम राम. रायबागकडं कॅनॉलच्या टेलला, म्हणजे पार शेवटाला, आमचा चार एकर ऊस आहे. वर ४० किलोमीटरवर गेट उघडलं की व्हॉट्सॲपवर लगेच मेसेज येतो, पण चारीत पाणी तिसऱ्या दिवशी. पोरगं बेळगावात सिव्हिल इंजिनीअरिंगला आहे, त्याचं कॉम्प्युटर मॉडेल म्हणतंय तीन तास! मॉडेल खोटं की पाटकरी?

उत्तर: दोघंबी खरे असतील बघा की. पोरानं कॅनॉल आधीच वाहता धरलाय. पाणी मीटरभर खोल आणि वेग सेकंदाला ०.६ मीटर धरला तर वरची हालचाल लाटेनं ताशी १३ किलोमीटरनं खाली येते, म्हणून तीन तास, पण ती नुसती चाहूल हो, खरी वाढ येते ताशी साडेतीनच्या आसपास, म्हणजे अकरा तास झाले. आणि तुमचा कॅनॉल पाण्याची पाळी संपली की कोरडा पडतो. पाच चौरस मीटरचा काटछेद धरला तर ४० किलोमीटर भरायलाच दोन लाख घनमीटर पाणी लागतं, सेकंदाला ३ घनमीटर सोडलं तरी साडेअठरा तास, त्यात तापलेली भेगाळलेली माती पिणार आणि वरच्यांच्या मोटरी रात्रभर चालणार (त्यांची नावं तुम्हाला पाठ असतील!). मग तिसरा दिवस उजाडतोच की.

पोराला विचारा, सुरुवातीला तळाशी किती पाणी ठेवलंस? असली मॉडेलं वाहत्या पाण्याचं गणित मांडतात ती १८७१ ची सेंट व्हेनांची समीकरणं, ती कोरड्या तळावर अडखळतात, खोली मायनस येते, प्रोग्रॅम बंद पडतो, म्हणून सगळे थोडं पाणी धरून चालतात, आणि ते जास्त धरलं की पाणी मॉडेलमध्ये लवकर पोचतं. हेक-रास हे पाण्याच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय, पण टाइम स्टेप (गणित किती सेकंदांच्या उडीनं पुढं जातं ते) मोठा घेतला तर त्यातबी आकडे नाचतात. दुसरं म्हणजे मॅनिंगचा एन, म्हणजे कॅनॉल किती खडबडीत आहे त्याचा आकडा. पुस्तकातल्या नव्या काँक्रीटचा ०.०१५ टाकला असणार, पण शेवाळ, गवत, गाळ असलेल्या कॅनॉलला ०.०२५ किंवा जास्तच लागतो आणि एन वाढला की वेग पडतो.

माझं ऐकाल तर पुढच्या पाळीला पोराला घरी बोलवा, तीन पुलांवर रंगानं पट्टी मारा, तिथं एकेक माणूस बसवा आणि पाणी किती वाजता किती चढलं ते वहीत लिहा. पंप कुठं किती लागलेत तेबी मोजा, फक्त भांडण काढू नका तिथं.