नात्यात नसलेल्या माणसाचे जाणे

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे एकाच विषयावरची आहेत. अचानक गेलेला शेजारी, जो मित्रही होता, त्याच्यासाठी शोक कसा करावा आणि त्याची आठवण कशी ठेवावी, हे वाचकांनी विचारले आहे. हे प्रश्न एकमेकांना पूरक असल्यामुळे अन्य विषयांवरील पत्रे या वेळी बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : आमच्या शेजारी राहणारे माझे मित्र नुकतेच अचानक वारले. आदल्या संध्याकाळी जिन्यात आमचे बोलणे झाले होते. ‘आज जरा थकवा वाटतोय,’ असे ते म्हणाले आणि मी ‘विश्रांती घ्या’ म्हणून पुढे निघालो. पहाटे त्यांच्या घरातून हाक आली आणि रुग्णालयात पोचेपर्यंत सारे संपले होते. माझी आई अंथरुणाला खिळलेली असताना मला कामावरून यायला उशीर झाला, की ते तिच्याजवळ येऊन बसत आणि या गोष्टीचा त्यांनी कधी उच्चारही केला नाही. त्यांच्या जाण्यानंतर मी दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झालो, कारण नातेवाइकाचे निधन असेल तरच रजा मिळते. घरातले आता म्हणतात, ‘किती दिवस असे बसणार? आपल्या घरातलं माणूस होतं का ते?’ अजूनही त्यांच्या दाराची कडी वाजल्यासारखे वाटून मी उठतो. माझे दुःख प्रमाणाबाहेर आहे का? आणि त्या संध्याकाळी मी थांबलो असतो तर?

उत्तर : तुमचे दुःख प्रमाणाबाहेर नाही, हे आधी स्पष्टपणे सांगते. माणूस गेल्यावर किती दुःख व्हावे, हे वंशावळीतल्या अंतरावर ठरत नाही, तर त्या माणसाचा आपल्या रोजच्या जगण्यात किती वावर होता यावर ठरते. सख्खा चुलतभाऊ एखाद्या समारंभात भेटतो, शेजारी मात्र सकाळी दार उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत कुठल्या ना कुठल्या रूपाने आपल्या आसपास असतो. त्यातून ज्या माणसाच्या भरवशावर तुम्ही आपल्या आईला सोडून कामावर थांबू शकत होता, त्याच्या जाण्याने तुमच्या घराचा एक आधारच नाहीसा झाला आहे.

अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाविषयी सविस्तर मांडणी केली. समाज ज्याला शोक करण्याचा अधिकारी मानत नाही, ज्याच्या सांत्वनाला कोणी येत नाही आणि ज्याला रजा किंवा सवलत मिळत नाही, त्याचे दुःख अधिक अवघड होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे, आणि मित्राचा किंवा शेजाऱ्याचा शोक हे त्याचे ठळक उदाहरण आहे. घरातल्यांचे बोलणे दुष्टपणाचे नसावे, तुम्हाला सावरलेले पाहण्याची त्यांना घाई झाली असावी. तरीही त्यांना एकदा शांतपणे बसवून, तुमचे मित्र आईजवळ बसत तेव्हा नेमके काय करत, आईशी काय बोलत, हे सांगावे. तुम्ही नेमके काय गमावले हे त्यांना कदाचित ठाऊकच नसेल.

कडी वाजल्याचा भास हे वेडाचे लक्षण नाही. वेल्समधील डॉक्टर ड्युई रीस यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ व्यक्तींशी बोलून १९७१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या माणसाचे अस्तित्व जाणवले होते, काहींना तो दिसला होता, तर काहींना त्याचा आवाज ऐकू आला होता, आणि त्यांतील बहुतेकांनी ही गोष्ट तोवर कोणापाशी बोलून दाखवलेली नव्हती. तो अभ्यास पती-पत्नींपुरता होता, परंतु त्यामागचे कारण शेजारालाही लागू पडावे असे मला वाटते. वर्षानुवर्षे ठरावीक वेळी ठरावीक आवाज ऐकण्याची कानाला सवय झालेली असते आणि मृत्यूची बातमी त्या सवयीपर्यंत लगेच पोचत नाही. दीर्घ आजारात माणूस हळूहळू दूर जात असतो, म्हणून मनाची थोडीफार तयारी होते. तुम्हाला ती संधीच मिळालेली नाही.

आता त्या संध्याकाळविषयी. हा विचार तुम्हाला पुष्कळ काळ छळेल, म्हणून त्याचे स्वरूप नीट समजून घ्यावे. परिणाम कळल्यावर तो आधीच दिसायला हवा होता असे वाटू लागणे हा मानवी मनाचा सर्वसाधारण धर्म आहे. बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले, की एखाद्या घटनेचा शेवट ज्यांना आधी सांगितला जातो, त्यांना तो शेवट इतरांपेक्षा बराच अधिक संभाव्य वाटतो आणि या माहितीचा आपल्या अंदाजावर परिणाम झाला आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही. ‘थकवा वाटतोय’ हे वाक्य आपण सगळेच रोज ऐकतो आणि रोज उच्चारतो. ते वाक्य आज तुम्हाला इशाऱ्यासारखे ऐकू येते, कारण त्यानंतर काय घडले हे तुम्हाला ठाऊक आहे. जिन्यात उभे असताना ते तुम्हाला ठाऊक नव्हते आणि बहुधा त्यांनाही नव्हते. तुम्ही जे उत्तर दिले, ते एका मित्राने दुसऱ्याला द्यावे असेच होते.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात आणि त्या ओलांडल्या की माणूस मोकळा होतो, असे कोणी सांगितले तर ते वेळापत्रक म्हणून स्वीकारू नये. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या त्या पायऱ्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांतून आलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांच्या मनाला त्या क्रमाने जावेच लागते असे नाही, आणि तुमचे मन आज सावरून उद्या पुन्हा खचले तर त्यात काहीही चुकलेले नसते.

प्रश्न : आमच्या शेजारच्या काकांच्या शोकसभेत मी बोलावे, अशी त्यांच्या मुलाची इच्छा आहे. मी लिहायला बसते तेव्हा ‘मनमिळाऊ’, ‘परोपकारी’, ‘हसतमुख’ एवढेच शब्द सुचतात आणि ते कोणाविषयीही म्हणता येतील असे वाटते. काय बोलावे?

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे आणि ती तुम्हाला पडली यातच चांगल्या भाषणाची सुरुवात आहे. विशेषणे बाजूला ठेवा आणि ते काय करत असत हे आठवा. कोणाच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असे? कोण परगावी गेले की कोणाची झाडे ते पाण्यावाचून राहू देत नसत? रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात नेले, कोणाचा अर्ज भरून दिला, कोणाच्या मुलाला सायकल शिकवताना मागून धावले? यांपैकी दोन प्रसंग निवडा आणि ते घडले तसे सांगा. तेव्हा काका काय म्हणाले, ते शक्य असल्यास त्यांच्याच शब्दांत सांगा. ऐकणारा त्यावरून ‘परोपकारी’ हा शब्द आपल्या मनात स्वतःच उच्चारील.

या भाषणाचे मोल तुम्हाला वाटते त्यापेक्षा अधिक आहे. त्यांच्या पत्नीला आणि मुलांना ते पती म्हणून आणि वडील म्हणून माहीत आहेत. तुमच्या दारात उभे असताना ते कसे असत, हे त्यांना फारसे माहीत नाही, कारण खरोखर चांगुलपणाने वागणारी माणसे केलेल्या मदतीची हकिगत घरी जाऊन सहसा सांगत नाहीत. त्यांच्या आयुष्याचा तेवढा भाग केवळ शेजाऱ्यांपाशी आहे आणि तुम्ही तो सांगितला नाही तर त्या कुटुंबाला तो कधीच मिळणार नाही. म्हणून स्वतःच्या आठवणींवर थांबू नका. इमारतीच्या रखवालदाराला, वरच्या मजल्यावरच्या आजींना, खाली खेळणाऱ्या मुलांना विचारा. मला खात्री आहे, की तुम्हालाही ठाऊक नसलेले काही तरी त्यांच्याकडून ऐकायला मिळेल.

शेजारधर्माचे काही संकेत मृत्यूनंतरही पाळावे लागतात. त्यांनी कोणाला पैशांची मदत केली असेल किंवा कोणाच्या घरातले भांडण मिटवले असेल, तर ते नावानिशी बोलू नये, कारण त्यांनी ते गुपित म्हणून सांभाळले होते. शेवटच्या रात्रीचा तपशील कुटुंबाने स्वतः सांगितल्याशिवाय उच्चारू नये. स्वतःला किती धक्का बसला हे एका वाक्यात सांगून पुढे जावे. त्याचबरोबर त्यांना देवत्वही देऊ नये. ते बुद्धिबळात हरले की चिडत असतील किंवा एकच किस्सा पुन्हा पुन्हा सांगत असतील, तर मुलाला आधी विचारून तेही सांगावे. घरच्यांना त्यात आपले माणूस ओळखू येते आणि सभेतल्या लोकांच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू येते, ज्याची त्या वेळी फार गरज असते.

संत ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, त्या प्रसंगाचे जे वर्णन आपल्यापर्यंत आले, ते नामदेवांच्या नावावर असलेल्या अभंगांतून आले आहे. नामदेव हे त्यांचे ना बंधू होते ना आप्त, ते त्यांचे सखे आणि सोबती होते. जिवलगाच्या जाण्याविषयी बोलण्याचा मित्राचा अधिकार मराठीत इतका जुना आहे, तेव्हा ‘मी कोण बोलणारी’ असा संकोच तुम्ही मनातून काढून टाकावा.

चार-पाच मिनिटांपेक्षा अधिक बोलू नये. जे बोलायचे ते कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून घ्यावे आणि घरी एकदा मोठ्याने वाचावे, म्हणजे कोठे कंठ दाटून येणार हे आधीच कळते. तेथे थांबायला हरकत नाही, आणि पुढे वाचताच आले नाही तर वाचून दाखवील असे कोणी तरी शेजारी बसवून ठेवावे. सभा संपल्यावर तो कागद त्यांच्या पत्नीच्या किंवा मुलाच्या हाती द्यावा. त्या दिवसांत घरच्यांना काहीच नीट ऐकू येत नसते, ते सारे पुढे कधी तरी सावकाश वाचले जाते.

प्रश्न : शेजारचे भाऊ अचानक गेले आणि वहिनी आता घरात एकट्याच असतात. सुरुवातीला माणसांची गर्दी होती, आता कोणी येत नाही. मी गेले तर त्यांना आठवणीने त्रास होईल आणि न जावे तर बरे दिसत नाही. शिवाय त्या एखादे दिवशी अगदी नेहमीसारख्या हसून बोलतात, तेव्हा भाऊंचा विषय काढावा की नाही हे कळत नाही.

उत्तर : जरूर जावे, आणि गर्दी ओसरली आहे म्हणूनच जावे. तुम्ही विषय काढल्याने त्यांना आठवण होईल ही भीती अनाठायी आहे, कारण ती आठवण एरवीही त्यांच्यापासून दूर गेलेली नसते. बहुतेक शोकग्रस्तांना याउलट एक दुःख असते, ते म्हणजे गेलेल्याचे नाव कोणीच घेत नाही. ‘आज भाऊंची आठवण झाली’ एवढे म्हणून थांबावे. वहिनींना बोलायचे असेल तर त्या बोलतील, नसेल तर विषय आपोआप बदलेल.

त्यांच्या हसण्याने गोंधळून जाऊ नये. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये असे मांडले, की शोक करणारे मन कधी दुःखाकडे वळते, तर कधी दैनंदिन व्यवहारांकडे आणि नव्या जबाबदाऱ्यांकडे वळते, आणि ही ये-जा हीच सावरण्याची रीत असते. हसणाऱ्या वहिनी आणि दार लावून रडणाऱ्या वहिनी दोन्ही खऱ्या आहेत.

‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणून निघून येऊ नये. त्यामुळे मागण्याचे ओझे त्यांच्यावर पडते आणि कोणीही सहसा मागत नाही. त्याऐवजी ठरावीक काम ठरावीक वेळी करण्याची तयारी दाखवावी, जसे की ‘बुधवारी बँकेत जायचंय ना, मी बरोबर येते’. मृत्यूनंतर मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, बँकेतली खाती, विमा, निवृत्तिवेतन, वीजजोडणीवरील नाव अशी कागदपत्रांची कामे रांगेने उभी राहतात, आणि प्रत्येक खिडकीवर ‘पती वारले’ हे शब्द पुन्हा उच्चारावे लागतात. त्या खिडकीपाशी शेजारी कोणी तरी उभे असणे ही फार मोठी सोबत असते. भाऊ जे काम सहजपणे करत असत, तेही हेरून ठेवावे, कारण पाण्याची टाकी भरण्यासारख्या साध्या गोष्टीपाशी वहिनींना त्यांची उणीव सर्वांत तीव्रतेने जाणवेल.

बराच काळ लोटूनही दुःखाची तीव्रता कमी होत नसेल, रोजचे जगणेच अडून राहिले असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा धरलेली आहे. जगणे नको झाल्याचे शब्द मात्र त्यांच्या तोंडून केव्हाही आले, तर कसलीही वाट न पाहता घरच्यांना कळवावे, त्यांना एकटे सोडू नये आणि डॉक्टरांची भेट घडवून आणावी.

प्रश्न : शेजारचे काका वारले तेव्हा आम्ही आमच्या सहा वर्षांच्या मुलीला ‘काका दूरच्या गावी गेले’ असे सांगितले. ती रोज त्यांच्याबरोबर चित्रे काढायची. आता ती विचारते, की ते कधी येणार आणि मला न सांगता का गेले.

उत्तर : तिला खरे सांगावे. ‘काका वारले आहेत, त्यांचे शरीर बंद पडले आणि आता ते परत येऊ शकत नाहीत’ असे साध्या शब्दांत सांगावे. ‘झोपले’, ‘गावी गेले’ असे म्हटल्याने लहान मूल वाट पाहत राहते, किंवा झोपायला आणि प्रवासाला घाबरू लागते. आधी वेगळे का सांगितले असे तिने विचारले, तर ‘आम्हालाच फार वाईट वाटत होते, म्हणून सांगता आले नाही’ हे उत्तर तिला समजेल. तिने काही वावगे केले म्हणून काका गेले नाहीत, हेही आपणहून सांगावे, कारण या वयातली मुले असा दोष स्वतःकडे घेतात आणि तो बोलून दाखवीत नाहीत. ती क्षणभर रडून लगेच खेळायला पळाली किंवा तोच प्रश्न तिने दहादा विचारला तर रागावू नये. काकांबरोबर काढलेली चित्रे टाकून देऊ नयेत. त्यांतले एखादे काकूंना द्यायचे का, हे काकूंशी आधी बोलून घेऊन मग तिलाच ठरवू द्यावे.