भावाने घेऊन दिलेली माउंटन बाइक परत रस्त्यावर आणायचीय

प्रश्न: नमस्कार, 1992 मध्ये मोठ्या भावाने त्याच्या पहिल्या पगारातून मला माउंटन बाइक घेऊन दिली होती. गडद हिरवी, 26 इंची चाकं, 21 गिअर, हँडलवर गिअर बदलायला अंगठ्याने ढकलायचे शिफ्टर. कॉलेजभर तीच चालवली, मग नोकरी लागली आणि ती माळ्यावर गेली ती आत्ता खाली काढलीय. फ्रेमवर ‘क्रोमोली’ (एक प्रकारचं स्टील) असं स्टिकर अजून वाचता येतंय, बाकी ठिकठिकाणी खरचटलंय, थोडा गंज आहे, टायरला चिरा पडल्यात आणि सीट जागची हलत नाही. भावाला काही न सांगता ती नीट करून थेट त्याच्या दारात चालवत न्यायचीय. सगळा रंग काढून पावडर कोटिंग करू का? आणि पुढे सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के शोषणारा चिमटा) बसवला तर चालेल का?

उत्तर: नमस्कार. पत्र वाचून खूप बरं वाटलं, आणि आधी हेच सांगते की रंगाला हात लावू नका. पावडर कोटिंगच्या आधी जुना रंग पार खरवडून काढतात, त्यात स्टिकर तर जातातच पण तो हिरवा रंगही जातो आणि भाऊ सायकल ओळखणार ती त्या रंगावरून आणि त्या ओरखड्यांवरूनच. मी माझी पहिली सायकल अशीच नव्याने रंगवून घेतली होती, दिसायला देखणी झाली पण माझी वाटेना, त्याची हळहळ अजून आहे. वरवरचा गंज हलक्या हाताने घासा, तेवढ्याच जागेवर रंगाचा ठिपका द्या, बास. मात्र हेडट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) मागचा जोड आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या भागाच्या) आसपास चीर नाही ना, हे उजेडात नीट बघा. चीर असेल तर ती फ्रेम चालवायची नाही.

आता सीट. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) बहुतेक अॅल्युमिनियमचा असेल आणि फ्रेम स्टीलची, इतकी वर्षं ओल राहिली की अॅल्युमिनियमवर ऑक्साइड चढतं, ते फुगतं आणि पोस्ट आत जाम होतो. लांब पाइप लावून जोर काढू नका, फ्रेमची नळी फाटते. आणि फ्रेम तापवायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका, एक तर रंग जळेल आणि उष्णतेने अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे पोस्टही तापला की अजूनच घट्ट. त्यापेक्षा बॉटम ब्रॅकेट काढून सायकल उलटी करा, आतून सीटच्या नळीत गंज सोडवायचं तेल ओता आणि चार-पाच दिवस विसरून जा, रोज थोडं तेल घालायचं फक्त. मग सीट काढून पोस्टचं डोकं बाकाच्या शिकंज्यात पकडायचं आणि फ्रेम हळूहळू फिरवायची. (बॉटम ब्रॅकेट काढताना लक्षात ठेवा, गिअरच्या बाजूचा कप बहुतेक फ्रेमवर उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. इथे खूप जण जोर लावून आटे घालवतात.) पोस्ट निघाला की त्यावर कोरलेला आकडा बघा, 26.4, 26.6, 26.8 असे 0.2 मिमीच्या फरकाने साइज असतात, बदलायचा झाला तर नेमका तोच घ्या आणि परत घालताना ग्रीस लावा.

सस्पेन्शन फोर्क नको. तुमचा सध्याचा फोर्क साधाच असणार आणि फ्रेमही त्याच्याच उंचीच्या हिशोबाने बनलेली, लांब फोर्क घातला की पुढची बाजू उचलली जाते, हँडल लोळल्यासारखं वळतं आणि हेडट्यूबवर नको तेवढा ताण येतो.

ब्रेक कॅन्टिलिव्हर (दोन्ही बाजूंचे हात मधल्या केबलने ओढणारे जुने ब्रेक) असणार कारण शिमानो कंपनीचे व्ही-ब्रेक (लांब हातांचे नंतरचे ब्रेक) 1996 मध्ये आले. तेच ठेवा, फक्त रबर आणि केबल नवीन. व्ही-ब्रेक लावायचेच असतील तर लिव्हरपण बदलावे लागतील, जुने लिव्हर त्यांना पुरेशी केबल ओढत नाहीत. शिफ्टर ठेवा, ते साफ करून चालतात, आणि क्लिक नीट बसत नसतील तर बऱ्याच शिफ्टरला क्लिक बंद करायची सोय असते, मग मागचं कुठलंही फ्रीव्हील (दातेरी चक्रांचा संच) चालतं. दोन्ही हब (चाकांचे मधले भाग) उघडून छर्रे बदला, मागे सहसा दर बाजूला 1/4 इंचाचे 9, पुढे 3/16 चे 10.

टायर घेताना नुसतं 26 इंच म्हणू नका, 26 म्हणवणारी वेगवेगळ्या मापाची चाकं असतात, टायरच्या बाजूवर 559 (रिमचं मिमीमधलं माप) लिहिलंय ना ते बघा.

एकच गोष्ट माझ्या मते हट्टाने बदलायची, हँडल. जुनं अॅल्युमिनियमचं हँडल आधी कसलीही खूण न देता तुटू शकतं. तेवढं नवीन घाला, जुनं भिंतीवर टांगा. आणि भावाकडे निघायच्या आधी मोकळ्या जागेत दोन-तीन दिवस चालवून बघा, केबल नवीन असल्या की पहिल्यांदा ताणतात आणि ब्रेक परत कसावे लागतात.