दुकानदारांचे प्रश्न: ब्लाउजची तारीख आणि रव्यातल्या अळ्या

प्रश्न : दादर पश्चिमेला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दोन मशिनी, एक कारागीर आणि मी. हात चांगला आहे असं सगळ्याजणी म्हणतात, तरी लग्नसराईत आलेल्या बायका पुढच्या वेळी दुसरीकडे जातात. ‘पाच ब्लाउजवर एक मोफत’ अशी योजना लावू का?

उत्तर : योजना राहू द्या, आधी तारखांची वही बघा. दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे भेटतात, त्यामुळे तुमच्याकडे विरारच्याही बायका येत असणार आणि बदलापूरच्याही. तुमचं ‘परवा या’ म्हणजे तिची लोकलची आणखी एक खेप आणि अर्धा दिवस गेला. एक ब्लाउज फुकट दिल्याने तो भरून येत नाही.

वही नावाप्रमाणे न ठेवता तारखेप्रमाणे ठेवा. दिवसाला अस्तराचे सहा ब्लाउज निघत असतील तर त्या पानावर पाचच लिहायचे, सहावी जागा दुरुस्तीची. पान भरलं की पुढची तारीख, मग समोर कितीही ओळखीची असो. कारागिराला सांगायची तारीख दोन दिवस अलीकडची. उशीर मशीनवर फारसा होत नाही. हुक-काज आणि फॉल-पिको बाहेर दिलेलं असतं, तिथे काम अडकतं. तारीख चुकणारच असेल तर आदल्या दिवशी फोन करा, ती गाडीत बसल्यावर नव्हे.

दुसरं कारण पहिल्या धुण्यानंतर कळतं. सुती अस्तर पाण्यात आटतं, वरचं कापड तेवढं आटत नाही आणि ब्लाउजभर चुण्या पडतात. म्हणून अस्तर कापण्याआधी दोन-तीन तास भिजवा, वाळवा, इस्त्री करा. हे टाळलेलं असेल तर ती बाई भांडायला येत नाही, येणंच बंद करते.

नमुन्याचा ब्लाउज आणला तरी अंगावरून माप घ्या. जुना ब्लाउज सैलावलेला असतो. बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे जादा कापड, ठेवा. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, पाव इंच कमीच कापा, कारण तो नंतर खोल करता येतो, उथळ करता येत नाही. कच्च्या शिलाईवर दोन्ही हात वर करायला सांगा. ब्लाउज खालून उचलला गेला तर मुंढा खोल गेलाय.

पहिली दुरुस्ती फुकट, आणि जमेल तेव्हा ती समोर बसलेली असतानाच. ‘वजन वाढलं का ताई?’ हे मात्र विचारू नका. खरं असलं तरी.

प्रश्न : मुलुंडला किराणा दुकान आहे. रव्याच्या पाकिटात अळ्या निघाल्या म्हणून गिऱ्हाईक परत आलं. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असूनही वाद झाला.

उत्तर : पाटी काढा. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढ्या दिवसांत, नसेल तर 30 दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यावे लागतात. पण रव्याच्या पाकिटासाठी कोण ग्राहक आयोगाकडे जातंय? ते गिऱ्हाईक महिन्याची यादी घेऊन समोरच्या दुकानात जाईल, खरं नुकसान ते.

पाकीट घ्या, पैसे द्या किंवा खात्यातून त्याच वेळी वजा करा. मग पाकिटावरचा बॅच नंबर बघून त्याच बॅचची उरलेली पाकिटं फळीवरून उतरवा आणि वितरकाच्या माणसाकडून बदलून घ्या. नवा माल आला की मागे, जुना पुढे. घाईत नेमकं उलटं होतं आणि पावसाळ्यात मागचं पाकीट महिनोन्‌महिने दमट हवेत पडून राहतं. सुटा रवा विकत असाल तर डबा रिकामा करून, कोरडा पुसूनच नवा भरा. जुन्यावर नवा ओतला की तळाची कीड वरपर्यंत येते.

प्रश्न : आमच्या परळच्या पोळी-भाजी केंद्राला कुणीतरी गुगलवर एकच तारा दिला. उत्तर द्यावं का?

उत्तर : त्याच दिवशी, दोन ओळींत. काय चुकलं आणि काय बदललं एवढंच. ‘तेव्हा गर्दी होती’ हे लिहू नका. आणि भाच्याकडून पाच तारे लिहून घेऊ नका, भाषेवरून लगेच ओळखू येतं.