जीन तपासणीचा खर्च एकदाच, गोळ्यांचा दर महिन्याला

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे आहेत. फुप्फुसाचा कॅन्सर (ॲडेनोकार्सिनोमा), चौथी स्टेज. डॉक्टरांनी गाठीतले शेकडो जीन्स एकाच वेळी तपासणारं पॅनल सुचवलंय. ते केलं तर आमचा निम्मा आपत्कालीन निधी संपेल. त्याऐवजी एक-एक जीन स्वस्तात तपासत जावं का? आम्हा भावंडांनीही तपासणी करावी का?

उत्तर: तपासणी कराच. निधी अशाच वेळेसाठी साठवलेला असतो. पण एक-एक जीनचा मार्ग घेऊ नका, तो शेवटी महागात पडतो. फुप्फुसाच्या बायोप्सीत नमुना जेमतेम मिळतो. तो पॅराफिनच्या (मेणाच्या) ब्लॉकमध्ये ठेवलेला असतो. त्यातून प्रत्येक चाचणीसाठी काप काढावे लागतात आणि दर वेळी ब्लॉक नव्याने लावताना वरचा थर छाटला जाऊन वाया जातो. दोन-तीन चाचण्यांनंतर लॅब 'नमुना अपुरा' असं कळवते. मग पुन्हा बायोप्सी, पुन्हा बिल, छातीत हवा साठण्याचा धोका, आणि आजार थांबत नाही ते वेगळंच.

शेकडो जीन्सची मात्र बहुधा गरज नाही. पहिल्या आणि पुढच्या उपचाराचा निर्णय मुख्यतः ईजीएफआर, एएलके, आरओएस१, बीआरएएफ, एमईटी, आरईटी, केआरएएस, एनटीआरके, हर२ अशा मोजक्या जीन्सवर ठरतो. हे सगळे असलेलं छोटं पॅनल चालेल, फक्त त्यात डीएनएबरोबर आरएनएही तपासतात ना, हे विचारा. एएलके, आरओएस१, आरईटीमधली जोडणी (जीन तुटून दुसऱ्या जीनला चिकटणं) नुसत्या डीएनए तपासणीत निसटू शकते. पीडी-एल१ ही इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती वापरणारं औषध) कितपत लागू पडेल याचा अंदाज देणारी वेगळी चाचणी आहे, तीही याच ब्लॉकवर होते, तेव्हा काप एकदमच काढून ठेवायला सांगा. डॉक्टरांना सरळ विचारा: मोठ्या पॅनलमुळे आत्ताच्या उपचारात काय बदलेल? ठोस उत्तर मिळालं तर मोठं घ्या.

पैसे भरण्याआधी नमुन्यात गाठीच्या पेशी पुरेशा आहेत का (बऱ्याच लॅबना साधारण २० टक्के लागतात) आणि चाचणी फसली तर पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या. नमुना कमी असेल तर लिक्विड बायोप्सी, म्हणजे रक्तात आलेल्या गाठीच्या डीएनएची तपासणी, करता येते. तिच्यात बदल सापडला तर उपयोगाचा. नाही सापडला तर 'बदल नाही' असं समजू नका, कारण काही गाठी रक्तात पुरेसा डीएनए सोडतच नाहीत.

खरा खर्च यानंतर सुरू होतो. ईजीएफआर बदल निघाला तर रोजची गोळी. फ्लॉरा अभ्यासात ओसिमर्टिनिब या नव्या गोळीवर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ १८.९ महिने होता, जुन्या गेफिटिनिब-एर्लोटिनिबवर १०.२. एएलके बदलासाठीच्या अलेक्टिनिब गोळीचा ॲलेक्स अभ्यासातला आकडा ३४.८ महिने. मध्यक म्हणजे निम्म्या रुग्णांना गोळी त्याहून जास्त काळ लागते. म्हणून हिशेब ईजीएफआरसाठी तीन आणि एएलकेसाठी पाच वर्षांचा धरा. तेवढं झेपत नसेल तर आजच डॉक्टरांशी जेनेरिक पर्यायांबद्दल आणि कंपन्यांच्या रुग्ण-सहाय्य योजनांबद्दल बोला. रिपोर्ट हातात आल्यावर धावपळ नको.

विमा कंपनीला दोन प्रश्न ईमेलने पाठवा: जीन तपासणीचे पैसे मिळतात का, आणि घरी घ्यायच्या गोळ्यांचे? बऱ्याच पॉलिसी फक्त दाखल असतानाचा खर्च देतात, गोळ्यांचा नाही.

रिपोर्ट येईपर्यंत इम्युनोथेरपी सुरू करायची घाई होत असेल तर थांबता येईल का, हे जरूर विचारा. ईजीएफआर बदल असलेल्यांना तिचा फायदा कमी होतो, आणि तिच्यामागोमाग ओसिमर्टिनिब दिलं तर फुप्फुसाला सूज येण्याची जोखीम वाढते. हा डोस महाग असतो आणि त्याचे पैसे वाया जाऊ शकतात. उपचार तातडीने हवाच असेल तर पहिली फेरी नुसत्या केमोची देता येईल का, ते डॉक्टर ठरवतील.

तुम्ही भावंडांनी आत्ता खर्च करू नका. हे बदल सहसा गाठीतच घडलेले असतात, वारशाने येत नाहीत. रिपोर्टमध्ये बीआरसीएसारख्या, वारशाने येऊ शकणाऱ्या जीनमध्ये बदल निघाला किंवा घराण्यात कमी वयात कॅन्सर झालेले असतील, तरच जेनेटिक समुपदेशकाकडे जा. तुमच्या तपासणीचे पैसे वडिलांच्या पहिल्या सहा महिन्यांच्या गोळ्यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवा. आई-वडिलांच्या दरमहा व्याज देणाऱ्या ठेवी मोडायच्याच झाल्या, तर सगळ्यात शेवटी.